पैठण: उतारावर वसलेलं शहर

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. एसटीत बसलाय, इअरफोन घरी राहिलाय, रेंज येते-जाते, अशा सगळ्यांसाठी. ज्यांनी ऐकलंय त्यांना काही वाक्यं ओळखीची वाटतील, काही थोडी नीट करून लिहिली आहेत.

आजचा विषय आहे एक शहर आणि त्याची नदी. शहर पैठण, नदी गोदावरी.

मी जांब समर्थचा. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. आमच्या जिल्ह्याची दक्षिणेकडची हद्द म्हणजे गोदावरीच. अलीकडे आम्ही, पलीकडे बीड जिल्हा. आमच्याकडे म्हातारी माणसं गोदावरी असं म्हणतच नाहीत, सरळ ‘गंगा’ म्हणतात, आणि तिच्या काठच्या मुलखाला ‘गंगथडी’. पैठण याच गंगेवर, आमच्या वरच्या अंगाला. म्हणजे पैठणच्या घाटावरून जे पाणी पुढे सरकतं, ते नंतर आमच्या तालुक्याच्या कडेनं जातं. ही वरची आणि खालची बाजू लक्षात ठेवा. शेवटी सगळी गोष्ट तिथेच येऊन थांबते.

आधी नकाशा

मोबाइलमध्ये नकाशा उघडा. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. अरबी समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, पण पठाराचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे ती उलट्या दिशेला वळते आणि १,४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिक सोडलं की डोंगर मागे पडतात. मग येते सपाट काळी जमीन. दक्षिणेकडून प्रवरा येऊन मिळते त्या जागेला प्रवरासंगम म्हणतात. तिथून आणखी खाली, नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे डाव्या तीरावर पैठण आहे. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटर दक्षिणेला.

आता एक प्रश्न. नदी एवढी लांब आहे, मग शहर नेमकं इथेच का वसलं?

याचं उत्तर ‘उतार’ या शब्दात आहे. नदी जिथे पायी किंवा बैलगाडीनं ओलांडता येते त्या जागेला उतार म्हणतात. पावसाळ्यात गोदावरी दोन्ही थडी भरून वाहते, पण उन्हाळ्यात पात्र रुंद, उथळ आणि वाळूचं होतं. पूल नसलेल्या काळात उत्तरेकडून दख्खनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ही नदी कुठे ना कुठे ओलांडावीच लागायची. आणि माणसं जिथे नदी ओलांडायला थांबतात, तिथे मुक्काम होतो, मुक्कामाला धान्य लागतं, चारा लागतो, दुकान लागतं. हळूहळू बाजार उभा राहतो. बाजार आला की जकात आली आणि जकातीच्या मागोमाग राजा आला.

पैठणचा इतिहास सांगताना आपण नेहमी राजापासून सुरुवात करतो. मला वाटतं, सुरुवात उतारापासून करायला हवी.

बैलगाड्यांचा रस्ता

पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान, पाली भाषेत पतिठ्ठान. बौद्धांच्या ‘सुत्तनिपात’ या जुन्या ग्रंथात बावरी नावाच्या गुरूचे शिष्य गोदावरीच्या काठावरून बुद्धांना भेटायला निघतात, त्याची हकिकत आहे. त्यांच्या वाटेवर आधी पतिठ्ठान, मग महेश्वरच्या बाजूची माहिष्मती, मग उज्जैन, असं करत ते श्रावस्तीला पोहोचतात. म्हणजे पैठण हे दक्षिणेच्या महामार्गावरचं ठाणं म्हणून तेव्हाच ठाऊक होतं.

दुसरा साक्षीदार तर थेट परदेशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात तो सांगतो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून काय यायचं? पट्ट्यापट्ट्यांचे मौल्यवान दगड. तेरहून यायचं सुती कापड, तलम मलमल. सगळा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला. तिथून जहाजानं इजिप्तकडे आणि पुढे रोमकडे.

हे दगड आले कुठून? इथे भूगोल मदतीला येतो. आपलं पठार लाव्हारसाचं बनलेलं आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांमध्ये अकीकसारखे स्फटिक तयार झाले. खडक झिजला की हे खडे सुटे होतात आणि ओढ्यानाल्यांतून वाहत नदीच्या पात्रात येतात. आपण पोरं नदीत गुळगुळीत रंगीत खडे गोळा करतो ना, त्यांचेच भाऊबंद रोमपर्यंत गेले होते.

तिसरा पुरावा कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यात आहे. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात एक मितदेव आहे. तो पैठणचा आणि घराणं सुगंधी द्रव्यं विकणाऱ्यांचं. राजा नाही, सेनापती नाही, अत्तर-उदबत्तीच्या धंद्यातला माणूस, आणि दोन हजार वर्षांनंतरही त्याचं नाव आणि गाव आपल्याला वाचता येतं. लेण्यात खांब करून देण्याइतका पैसा पैठणच्या दुकानदारांकडे होता, हे यातून कळतं.

सातवाहन आणि तुमच्या घरातलं कॅलेंडर

आता राजांकडे येऊ. सातवाहनांनी दख्खनवर साडेतीनशे-चारशे वर्षं, मध्ये चढउतार येत, राज्य केलं आणि प्रतिष्ठान ही त्यांची राजधानी म्हणून प्रसिद्ध झाली. भूगोलकार टॉलेमी दुसऱ्या शतकात लिहितो की ‘बैठण’ ही राजा पुळुमावीची राजधानी आहे. नाव त्यानं ग्रीक पद्धतीनं वेडंवाकडं केलंय, पण ओळखू येतं.

या काळातली सगळ्यात मोठी लढाई व्यापारी मार्गासाठी झाली, असं म्हणायला हरकत नाही. भडोच आणि कोकणच्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटा क्षहरात राजा नहपान याच्या हातात गेल्या होत्या. गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याचा पराभव केला. याचा एक पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे सापडला. तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी! त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरच, गौतमीपुत्रानं आपला ठसा मारला होता. नवं सरकार आल्याची घोषणा यापेक्षा स्पष्ट कशी करणार?

आणि भाषा. सातवाहन राजा हाल याच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातल्या छोट्या कवितांचा संग्रह आहे. आपली मराठी ज्या भाषेपासून आली, ती ही. त्यात राजवाडे कमी आणि शेत, पाऊस, भांडण, प्रेम, गोदेचा काठ जास्त. गंगथडीच्या साध्या माणसांचा हा सगळ्यात जुना आवाज म्हणायला हवा.

घरातलं कॅलेंडर काढा. ‘शालिवाहन शके’ असं लिहिलेलं दिसेल. इसवी सनातून ७८ वजा करा, साधारण शक मिळतो. पैठणच्या शालिवाहनानं मातीचे सैनिक केले, त्यांच्यात प्राण फुंकला आणि शत्रूला हरवलं, ही गोष्ट आजीकडून ऐकली असेलच. इतिहासकार मात्र सांगतात की ही कालगणना बहुधा शक किंवा कुषाण राजांची आणि तिला शालिवाहनाचं नाव बऱ्याच शतकांनंतर चिकटलं. मला यात गंमत अशी वाटते की नाव चिकटवायची वेळ आली तेव्हा लोकांना पैठणचाच राजा आठवला. राजधानी जाऊन हजार वर्षं होत आली तरी शहराची पत शिल्लक होती.

राजा गेला, शहर का नाही गेलं?

तिसऱ्या शतकात सातवाहनांचं राज्य संपलं. पुढे राजधान्या बदलत राहिल्या. यादवांच्या काळात देवगिरी आली. कितीतरी जुन्या राजधान्यांची अशा वेळी नुसती पांढरी उरते. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी माती, ज्यात खापरं सापडतात. पैठणलाही पांढरी आहे, तिथे उत्खननंही झाली आहेत. पण शहर जिवंत राहिलं.

अशीच एक गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलीय. नॉर्वेत त्रोंडहाइम नावाचं शहर आहे. निदेल्वा नावाची नदी समुद्राला मिळण्याआधी मोठं वळण घेते, त्या वळणाच्या कुशीत. परंपरेनुसार ९९७ साली राजा उलाव त्रिग्वासन यानं ते वसवलं, काही काळ ती नॉर्वेची राजधानी होती. पुढे सत्ता दुसरीकडे गेली. पण १०३० मध्ये लढाईत मारला गेलेला दुसरा एक राजा, उलाव, संत मानला गेला. त्याच्या समाधीवर मोठं चर्च उभं राहिलं आणि शेकडो मैलांवरून लोक पायी येऊ लागले. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेनंतर ती यात्राही थांबली, १६८१ मध्ये शहर जळालं, रुंद रस्ते आखून पुन्हा बांधलं गेलं. आज ते नॉर्वेतल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक आहे. राजधानी गेली, पण नदी, बंदर आणि पायी येणारी माणसं यांनी शहर धरून ठेवलं.

पैठणचंही तसंच. इथे राजा गेल्यावर विद्या राहिली. पैठण ‘दक्षिण काशी’ झालं. धर्मशास्त्राचा शेवटचा शब्द पैठणच्या ब्रह्मवृंदाचा, असा दबदबा होता. म्हणूनच संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेल्या ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणलाच यावं लागलं, अशी परंपरा सांगते. रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथा इथल्या नागघाटावर घडली असं मानतात. विचार करा, या कथेत पैठण नायक नाही. पैठण हे दार बंद करणारं शहर आहे.

आणि तीनशे वर्षांनी त्याच शहरानं दार उघडणारा माणूस दिला. संत एकनाथ, जन्म १५३३ च्या सुमाराचा. ज्या ज्ञानेश्वरांना इथे हात जोडून उभं राहावं लागलं, त्यांच्याच ज्ञानेश्वरीच्या प्रती नाथांनी गोळा केल्या, पाठभेद तपासले आणि शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. ७८ मिळवा, १५८४ साल येतं. छापखाना नसताना केलेलं हे संपादन आहे.

नाथांच्या गोष्टी नीट ऐकल्या तर त्यात सारखं पाणी आणि वाळू येते. काशीची कावड रामेश्वराला नेताना तहानलेल्या गाढवाला पाणी पाजलं. दुपारी तापलेल्या गोदेच्या वाळवंटात रडणारं अस्पृश्य समाजातलं मूल कडेवर उचलून घरी पोहोचवलं. श्रीखंड्या नावाच्या गड्यानं नाथांच्या घरी कावडीनं पाणी भरलं आणि तो प्रत्यक्ष देव होता. तो रांजण आजही दाखवतात आणि नाथषष्ठीच्या यात्रेच्या काळात भाविक त्यात पाणी ओततात. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी याच गोदावरीत देह ठेवला.

पाणी कुणाचं? ज्याला तहान आहे त्याचं, असं या गोष्टी सांगतात. हेही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नदी जेव्हा हद्द बनते

अठराव्या शतकात गोदावरी मराठे आणि निजाम यांच्यातली रेघ झाली. १७२८ मध्ये बाजीरावानं पालखेडला निजामाला कोंडलं आणि तह झाला तो मुंगी-शेवगावचा. मुंगी म्हणजे पैठणच्या समोरच्या अंगाचं, नदीपलीकडचं गाव.

दुसरा प्रसंग आमच्या भागाच्या अगदी समोरचा. १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवन, बीड जिल्हा. निजाम अली अर्धी फौज घेऊन नदी उतरून उत्तरेला आला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिण काठावर राहिला. गोदावरीला पूर. माधवराव पेशवे आणि राघोबादादांच्या फौजेनं अडकलेल्या त्या अर्ध्या सैन्यावर हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडे उभ्या असलेल्या निजामाला काही करता आलं नाही. उतार मिळाला तर वाट, नाही मिळाला तर भिंत. गोदावरी दोन्ही होती.

या धामधुमीतही पैठणचा माग चालू होता. पैठणी म्हणजे रेशीम आणि जर. पदरावर मोर, काठाला नारळी नक्षी. पेशव्यांच्या घरात तिला मान होता, निजामाच्या घराण्यातही. म्हणजे जे दोघे नदीवर भांडत होते, त्यांना कापड एकाच गावचं हवं होतं! पुढे आश्रयदाते गेले आणि माग कमी झाले. आज पैठणीचा मोठा बाजार येवल्यात आहे. पैठणला विणकाम अजून चालतं, पण नावाचं गाव आणि धंद्याचं गाव वेगळं झालं. २०१० मध्ये पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

ज्या नदीनं शहर केलं, तिला अडवलं

पैठण १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्याच काळात गोदावरीवर मोठं धरण बांधायचा विचार सुरू झाला होता, तो बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी या गावी. महाराष्ट्र झाल्यावर जागा बदलून बरीच वर, पैठणला आली, पण नाव जायकवाडीच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन. जलाशयाला नाव मिळालं नाथसागर.

धरणाची लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, उंची मात्र ४१ मीटर. एवढं लांब आणि बुटकं का? पुन्हा तोच भूगोल. इथे नदीला दरी नाही, सपाट मैदान आहे. त्यामुळे पाणी खोल साठत नाही, पसरतं, सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर. पसरट ताटातलं पाणी जसं लवकर वाळतं, तसं इथलंही बाष्पीभवन प्रचंड. एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर, त्यातला सुमारे ७६ टीएमसी वापरायचा आणि उरलेला मृतसाठा. एक टीएमसी म्हणजे अंदाजे २,८०० कोटी लिटर.

पसरट पाण्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव या तालुक्यांतल्या शंभरावर गावांची नदीकाठची सगळ्यात चांगली जमीन पाण्याखाली गेली. धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर आजही पेरणी होते, तिला गाळपेर म्हणतात. माणूस स्वतःच्याच बुडालेल्या शिवारात काही महिन्यांसाठी पाहुणा म्हणून पेरायला जातो.

आणि मिळालं काय? डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. डावा कालवा आमच्या अंबड-घनसावंगी पट्ट्यातून पुढे परभणीकडे जातो. जिथे ज्वारी-बाजरीवर दिवस निघायचे तिथे ऊस उभा राहिला. छत्रपती संभाजीनगर आणि जालना शहरं नाथसागराचं पाणी पितात. म्हणून मला धरणाविरुद्ध सरसकट बोलता येत नाही. आमच्या भागातली कितीतरी शिक्षणं, लग्नं, घरं त्या कालव्यावर झाली आहेत.

पण धरण बांधलं म्हणून पाणी येतं असं नाही. नाथसागर भरतो तो नाशिक-अहिल्यानगरच्या पावसावर, आणि तिकडे वर आणखी धरणं आहेत. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात नाथसागर मृतसाठ्यावर गेला. २००५ च्या कायद्यानं टंचाई सगळ्या खोऱ्यानं वाटून घ्यायचं तत्त्व आणलं. २०१४ मध्ये प्राधिकरणानं ठरवलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडावं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटप मान्य केलं. तरी तुटीच्या वर्षी मोर्चे, याचिका, रात्री पोलीस बंदोबस्तात सोडलेलं पाणी हे सगळं होतंच. नाशिकचा द्राक्षवाला म्हणतो आमच्या अंगणातलं पाणी. आम्ही म्हणतो खोरं एक आहे.

इथे मला आमचीही एक बाजू तपासावीशी वाटते. वरच्यांनी पाणी अडवलं की आम्ही अन्याय म्हणतो. पण आमच्याच पट्ट्यात कालव्याच्या तोंडाशी ऊस आणि शेपटाकडे कोरडी चारी, हे दृश्य नवीन नाही. शेपटाचा शेतकरी आमच्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं आम्ही नाशिककडे बघतो. दोन हजार वर्षं ही नदी ‘कोण ओलांडणार’ असं विचारत होती. आता ती ‘कोण अडवणार आणि किती’ असं विचारते.

पैठणला गेलात तर

मंदिर आणि बाग बघून लोक परत फिरतात. तुम्ही क्रम थोडा बदला. आधी नागघाटावर जा आणि पात्राची रुंदी बघा, म्हणजे उतार कळेल. मग नाथांच्या वाड्यात रांजण बघा. एखाद्या मागावर पैठणीचा एक इंच व्हायला किती वेळ लागतो ते विचारा. शेवटी नाथसागराच्या बाजूला जा. हिवाळा असेल तर परदेशी पाहुणे पक्षीही दिसतील, १९८६ पासून ते अभयारण्य आहे. तिथे उभं राहून एकदा वरच्या बाजूला बघा, जिथून पाणी येतं, आणि एकदा खालच्या बाजूला, जिथे आम्ही आहोत.

तुमचं गाव नदीच्या वर आहे की खाली? कालव्याच्या तोंडाला आहे की शेपटाला? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि व्हॉइस मेसेज करून कळवा. आलेल्या उत्तरांवर एक भाग करूया. तोवर, राम राम!